तपकिरी चकती

पाचव्या दुकानातल्या विक्रेत्यानेही तेच केलं. बाई डावखुरी आहे एवढं कळल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. "थांबा मॅडम, आलोच," म्हणून तो आत गेला आणि फडक्याने धूळ झटकत डावखुऱ्यांसाठीची एक इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला. दुकानात तशी ती एकच होती. ती कुणीतरी एकदाची घेऊन जावी म्हणून बिचारा किती दिवस वाट पाहत होता कोण जाणे.

"ही नको," ती म्हणाली.

"अहो, खास तुमच्यासारख्यांसाठीच बनवतात."

"मला ही वाजवता येत नाही. उजव्या हाताचीच दाखवा. मी ती उलटी धरते."

"म्हणजे तारा उलट्या लावून ना?"

"तारा आहेत तशाच ठेवून."

विक्रेत्याने गिटार परत फडक्यात गुंडाळली. चौथ्या दुकानातल्याने निदान हसून घेतलं होतं. तिसऱ्यातल्याने तर, "मग पहिल्यापासून नीट शिका ना, अजून कुठे वेळ गेलीय," असा फुकटचा सल्ला दिला होता. बाईचं वय सत्तेचाळीस होतं आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं ती गिटार वाजवत होती. असल्या सल्ल्यावर काय बोलायचं हे तिला त्या दिवशी सुचलं नाही, घरी येऊन जिना चढताना सुचलं, आणि मग रात्रभर त्याचा काही उपयोग नव्हता.

घरात तिला डावरी म्हणत. आई म्हणे, दादा म्हणे, आणि इतकी वर्षं ऐकून शेजारीपाजारीही म्हणत. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. त्याने पहिल्या नोकरीच्या पैशातून हौसेने एक इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. लाकडाच्या रंगाची, जड, चांगल्या कंपनीची. चार महिने त्याने ती वाजवली, म्हणजे घरच्यांनी ती सहन केली, आणि मग ती कपाटावर जाऊन बसली. पुढे त्याची बदली झाली. जाताना डावरीने विचारलं, मी वाजवू का? तो म्हणाला, वाजव, पण तारांना हात लावायचा नाही. मी आलो की मला लगेच वाजवता आली पाहिजे.

तो आला की ती कधी वाजवायचा नाही. पण अट ती अट. डावरीने गिटार उलटी धरली, डाव्या हाताने तारा छेडायला घेतल्या आणि जाड तार खाली, बारीक तार वर अशा अवस्थेत एकेक सूर शोधत शिकली. तुटलेली तार बदलली तीही त्याच जागी. अठ्ठावीस वर्षांत तिने अट एकदाही मोडली नाही, आणि आता तर तिच्या बोटांना सरळ गिटार ही उलटी वाटायची.

एकच गोष्ट तिला छळायची. आवाज कमीजास्त करायचा नॉब. सरळ धरणाऱ्याला तो खालच्या अंगाला, बोटांजवळ येतो. गिटार उलटी केली की तोच वर येतो, नेमका कोपराखाली. गाणं रंगात यायची आणि कोपर लागून आवाज गडप व्हायची एकच वेळ. लोक सांगायचे, हात जरा वर धरायचा. तिने धरून पाहिला. दहा मिनिटांत खांदा भरून यायचा. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडून तिने तो नॉब मुळासकट काढून घेतला आणि आवाज कायमचा पूर्ण ठेवला. राहिलेल्या भोकात घाम जाऊ नये म्हणून स्वतः एक चकती बनवली.

चकती बनवणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत ती काचा घासायचं काम करायची. समोर घासायचं चाक, बाजूला पाण्याची बारीक धार, हातात माप घ्यायचा कॅलिपर. एका उन्हाळी चष्म्याच्या उरलेल्या तपकिरी तुकड्यातून तिने शर्टाच्या बटणाएवढी चकती घासून काढली आणि त्या भोकात अशी बसवली की नख फिरवलं तरी कड लागू नये. दुकानात गर्दी असली की पुढे जाऊन ती गिऱ्हाइकांच्या चष्म्याच्या काड्याही वाकवून द्यायची. कुणाचेच दोन कान एका उंचीवर नसतात. एक काडी थोडी वर, एक थोडी खाली, नाकावरचा चिमटा जरा सैल, एवढं केल्याशिवाय चष्मा बसत नाही. अमुक कान जरा वर करून बसत जा, असं तिने आजवर एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं.

तर अशी बाई पाच पाच दुकानं का पालथी घालत होती? दादामुळे.

पंधरा दिवसांपूर्वी दादा जेवायला आला होता. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून त्याचा दिवस मोबाईलवर जायचा. हात धुऊन येऊन त्याने तिच्यासमोर मोबाईल धरला. अगदी तशीच गिटार, त्याच वर्षातली, आणि खाली किंमत. डावरीचा आठ महिन्यांचा पगार झाला असता.

"बघितलंस? आपल्याकडे ही आहे," दादा म्हणाला.

आपल्याकडे हा शब्द तिला टोचला. "मी वाजवते ती रोज," ती म्हणाली.

"वाजव की. मी कुठे नाही म्हणतोय? पण आता एवढी किंमत आलीय तर विकायला नको का? तुला दुसरी घे एखादी साधी. तुमच्या क्लबात कोण ऐकतंय?"

हे मात्र खरं होतं. दर रविवारी दुपारी एका खेळाच्या क्लबातल्या हॉलमध्ये ती, निवृत्त गणिताचे मास्तर आणि एक बेकरीवाला असे तिघे मिळून वाजवायचे. मास्तर ड्रमवर. शेजारी टेबल टेनिस चालायचं आणि चेंडू मधूनच मास्तरांच्या पायाशी यायचा. कुणी ऐकत नसे. पण आठवड्यातले तेच दोन तास होते ज्यात डावरीला कुणी काही करून मागत नव्हतं.

"त्याची आहे ती," आई भांडी आवरत म्हणाली. "त्याने मागितली तर द्यायला नको?"

"तुलाच दिली असती मी," दादा म्हणाला. "घे ना तूच. बाजारात येते त्यापेक्षा थोडं कमी करीन. घरातल्या घरात राहील. महिनाभर विचार कर."

थोडं कमी म्हणजे साडेसात महिन्यांचा पगार. तिच्याजवळ बाजूला टाकलेले होते साडेतीन महिन्यांचे. राग तिला इतका आला की त्या दिवशी तिने भात दोनदा वाढून घेतला आणि एकदाही खाल्ला नाही. गिटार कागदोपत्री दादाची होती, हे तीही नाकारू शकत नव्हती. मग अठ्ठावीस वर्षं ती कुणाची होती, हे मात्र कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

म्हणून दुकानं. साडेतीन महिन्यांच्या पगारात दुसरी चांगली मिळाली, तर जुनी दादाच्या तोंडावर फेकता आली असती. पहिल्या दुकानात एक मिळालीही. आवाज असा की तिने एकच गाणं तीनदा वाजवलं. किंमत जेमतेम आवाक्यातली. पण उलटी धरली की नॉब कोपराखाली. "हा काढून दिलात तर आत्ता घेते," ती म्हणाली. नॉब काढून हाताला बसते का हे बघितल्याशिवाय एवढे पैसे टाकायची तिची तयारी नव्हती. दुकानदाराने असं तोंड केलं की जणू तिने त्याचा दात मागितला. दुसऱ्या दुकानात स्वस्तातली होती, पण तिचे सूर संध्याकाळपर्यंतही टिकले नसते. तिसऱ्यात नॉब सोयीच्या जागी होता तर गिटारला जोडायची वायर नेमकी हनुवटीखाली यायची. आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी कपाटामागून ती डावखुऱ्यांसाठीची एकुलती एक बाहेर यायची, दीडपट किमतीची.

पाचव्या दुकानातून बाहेर पडताना तिला वाटलं, पुरे झालं. दादाचीच घ्यायची. पण तिची खरी किंमत काय, हे आधी जाणत्या माणसाला विचारायचं. गिटार घेऊन ती दुरुस्तीवाल्या काकांकडे गेली.

काकांनी गिटार आडवी ठेवली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली, तारा वाजवल्या, उलटी करून पाठ बघितली. मग चष्मा कपाळावर सरकवला. तो चष्माही डावरीनेच घासलेला होता.

"खरं सांगू का ताई? ही गिटार चांगली कधीच नव्हती."

"म्हणजे?"

"मान किंचित वाकडी आहे, पहिल्यापासूनच. वजनाला धोंडा. आवाजात घुं येतं. आज हिच्या चौथ्या हिश्शात हिच्याहून सरळ मिळते."

"मग मी इतकी वर्षं काय वाजवतेय?"

"तुम्हाला तिच्या खोडी माहीत आहेत. तिसऱ्या तारेवर कुठे बोट जरा मागे घ्यायचं ते तुमचा हात आपोआप करतो. दुसऱ्या कुणी वाजवली तर बेसूरच लागेल."

डावरीला काकांचाही राग आला. कुणी घरातल्या माणसाबद्दल बोलल्यावर यावा तसा आला. पण काका पुढे जे म्हणाले त्याने ती सावरून बसली.

"आणि किमतीचं म्हणाल, तर ती सगळी नावाची. असल्या जुन्या गिटारी घेणारे वाजवायला घेत नाहीत हो, भिंतीवर लावायला घेतात. कारखान्यातून निघाली तशीच हवी असते त्यांना. इथे ही तुमची चकती बसलीय, इथे तुमच्या हाताने रंग घासून लाकूड उघडं पडलंय. हे बघितलं की निम्मी किंमत गेली म्हणून समजा."

निम्मी म्हणजे चार महिन्यांचा पगार. साडेतीन होते, आणि वर्षअखेरचा बोनस धरला तर बरोबर बसत होतं. परतताना गिटारची पिशवी तिला पहिल्यांदाच हलकी वाटली. तिच्याच चकतीने आणि तिच्याच हाताने किंमत तिच्या आवाक्यात आणून ठेवली होती. वाकडी तर वाकडी, घुं तर घुं. तिला तीच हवी होती, आणि का हवी हे कुणाला पटवायची तिला आता गरज नव्हती.

घरी आल्याआल्या तिने दादाला फोन लावला. इथेच तिचं चुकलं. काचेचा नंबर वाचून दाखवावा तसं तिने सगळं रीतसर सांगितलं. भोक कुठे, केवढं, रंग कुठे आणि किती गेलाय, किंमत किती उतरते. एखादीने मोघम बोलून सौदा केला असता. हिला मोघम बोलता येत नव्हतं. अर्धा मिलिमीटर चुकला तर काच फ्रेममधून पडते, अशा धंद्यात तिचा जन्म गेला होता.

"म्हणजे तू खराब केलीस," दादा म्हणाला.

"मला वाजवता यावी म्हणून केलं."

"मला विचारायचं तरी." मग त्याने विचारलं, "पण हे परत पहिल्यासारखं करता येतं का?"

नाही म्हणायला काय जात होतं? पण काकांनी तो जुना नॉब आतल्या तारांसकट एका डबीत जपून ठेवला होता, तिने डोळ्यांनी बघितला होता.

"येतं," ती म्हणाली.

त्या एका शब्दासाठी पुढचे कित्येक दिवस ती स्वतःवर चरफडत होती. शनिवारी ती कामावरून आली तेव्हा कोपरा रिकामा होता. दादा येऊन गिटार घेऊन गेला होता. आईने तर पिशवी ओल्या फडक्याने पुसून दिली होती.

"महिना कुठे झाला होता?" तिने विचारलं.

"अगं, तो नीट करून आणतो म्हणाला," आई म्हणाली. "चांगलंच आहे की. इतकी वर्षं तशीच मोडकी वाजवत होतीस."

डावरीने पंखा लावला आणि ती रिकाम्या कोपऱ्याकडे पाठ करून बसली.

त्या रविवारी ती क्लबात गेली नाही. पुढच्याही नाही. मास्तरांचा फोन आला, बेकरीवाल्याने आईच्या हातात पाव ठेवून चौकशी केली. तिसऱ्या आठवड्यात दादाचा फोन आला. आवाजात उत्साह मावत नव्हता. "बघून तर ये. ओळखू येणार नाही. जुन्या-नव्या वाद्यांच्या दुकानात ठेवलीय विकायला."

खरोखरच ओळखू आली नसती. काचेआड एकटीच उभी होती, वर दिवा सोडलेला. हाताने घासून उघड्या पडलेल्या लाकडावर नवा रंग चढला होता. नॉब जागेवर आला होता, चकचकीत पुसलेला. गळ्यात एक पुठ्ठा अडकवला होता. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं: मूळ स्थितीत. एकाच मालकाची. फारशी न वाजवलेली.

डावरीने ते दोनदा वाचलं.

"वाजवून बघायचीय?" दुकानाच्या मालकिणीने विचारलं. ती स्थूल, शांत बाई होती. डावरीने गिटार उलटी धरली तरी तिने भुवयासुद्धा उचलल्या नाहीत.

पहिले दोन सूर जुने लागले. बोट तिसऱ्या तारेवर आपसूक मागे सरकलं. तेवढ्यात कोपर लागून आवाज गेला. तिने नॉब फिरवून आवाज वाढवला. परत वाजवलं, परत गेला. चौथ्या वेळेला तिने गिटार खाली ठेवली. इतकी वर्षं जी गिटार तिने स्वतःच्या अंगाला बसवून घेतली होती, ती आता कुणाच्याच अंगाची नव्हती.

"इथे एक चकती होती," ती म्हणाली. "तपकिरी."

मालकिणीने खण उघडून एक छोटी प्लास्टिकची पिशवी काढली. "नंतर लावलेला भाग म्हणून बाजूला ठेवलाय. घ्यायचा तर घ्या. त्याचं काही येत नाही."

डावरीने पिशवी पर्समध्ये टाकली. मग खालच्या ओळीत टांगलेल्या नव्या गिटारींकडे बघितलं आणि एक काढून मागितली. रंग हिरवा, तिला मुळीच न आवडणारा. आवाज पातळ. पण मान सरळ होती, वजन अंगावर येत नव्हतं, किंमत दोन महिन्यांचा पगार. तिने अर्धा तास वाजवून पाहिली. आवडली नाही, पण दोष काढायलाही जागा सापडेना, याचाच तिला जास्त वैताग आला.

"हा नॉब आत्ताच काढून द्या, मग पैसे देते," ती म्हणाली.

"वॉरंटी जाईल हं."

"जाऊ दे."

मालकिणीने स्क्रू-ड्रायव्हर घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डावरी मागच्या खोलीत चाकासमोर बसली होती. हिरवी गिटार टेबलावर आडवी. चकती भोकात बसत नव्हती. नव्या गिटारचं भोक बारीक निघालं, हेही त्यातच. तिने कॅलिपर लावून माप घेतलं आणि पाण्याची धार सोडली. तेवढ्यात दादाचा फोन आला.

"ऐक ना," तो म्हणाला. "तीन गिऱ्हाइकं आली, वाजवून बघतात आणि ठेवून देतात. बेसूर आहे म्हणतात. दुकानातली बाई म्हणाली, काल एकजण आली होती, दोन सूर काय सुंदर लागले तिचे. मला कळलं ती तूच. शनिवारी एक मोठं गिऱ्हाईक येतंय. तू जरा येऊन वाजवून दाखव ना त्याला. पाचच मिनिटं. तुला सवय आहे तिची."

"मला आता ती वाजवता येत नाही, दादा."

"असं काय करतेस? अठ्ठावीस वर्षं वाजवलीस ना?"

"नॉब मध्ये येतो."

"एवढंच ना? मग हात जरा वर धर की."

डावरीने फोन ठेवला. चाक सुरू केलं, चकतीची कड हलकेच टेकवली, फिरवली, पुसली आणि भोकावर लावून बघितली. अजून बसत नव्हती. तिने ती पुन्हा धारेखाली धरली.